मद्य, औषधे आणि वाहनचालकाचे भान

रस्त्यावरील प्राणघातक अपघातांचा विचार करताना वाहनाचा वेग, रस्त्याची स्थिती आणि यंत्रातील बिघाड यांकडे प्रथम लक्ष जाते. चालकाने केलेले मद्यसेवन हेही तितकेच घातक कारण होय.

मद्याचा परिणाम प्रथम सारासार विचार करण्याच्या शक्तीवर होतो. पाय लटपटू लागण्यापूर्वीच वेगाचा व अंतराचा अंदाज चुकू लागतो. चालकास मात्र आपण पूर्ण सावध आहोत असेच वाटत राहते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ब्रेक दाबण्यास अर्ध्या सेकंदाचा विलंब झाला, तरी ते ८ मीटर पुढे गेलेले असते. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचे जगणे-मरणे तेवढ्या अंतरावर अवलंबून असते.

चालकाच्या स्वतःविषयीच्या खात्रीवर विसंबता येत नाही, म्हणूनच कायद्याने रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ग्राह्य मानले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अमली द्रव्यांच्या अंमलाखाली वाहनावर ताबा ठेवण्यास असमर्थ असलेल्या चालकासही हेच कलम लागू होते. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीवरील काही औषधे यांनीही ग्लानी येते. अशी औषधे घेताना वाहन चालवावे किंवा कसे, हे डॉक्टरांना विचारून घेणे अगत्याचे आहे.

कडक कॉफी, लिंबूपाणी अथवा थंड पाण्याची अंघोळ यांनी नशा उतरते, हा समज निराधार आहे. रक्तातील मद्यार्क साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅम या गतीनेच कमी होतो. मध्यरात्री हे प्रमाण १५० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सहा वाजताही ते सुमारे ६०, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या दुप्पट राहते. झोप झाली म्हणजे मनुष्य शुद्धीवर आला, असे समजून पहाटे मालमोटार रस्त्यावर काढणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.

श्वासपरीक्षण पोलीस करतील. परंतु ते सर्वच रस्त्यांवर, सर्व वेळी शक्य नसते. मद्य घेतलेल्या चालकाच्या हाती किल्ली न देण्याची दक्षता वाहनमालक, सहप्रवासी आणि कुटुंबीय यांनी घेतल्यास अनेक घरांवरील आघात टळू शकेल.