द्राक्षासवाचीं धुळाक्षरें

पुण्याच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या वर्षीं मोठाच पेंच पडला. त्यांचा पुतण्या नाशकाच्या एका उपाहारगृहांत नोकरीस लागला आणि पहिल्याच आठवड्यांत वरिष्ठांनीं बजावलें कीं, तीन महिन्यांत वाइनची माहिती पक्की झाली तरच नोकरी कायम होईल. ज्या घरांत तीन पिढ्यांत मद्याचा थेंब शिरला नाहीं, तेथें या वार्तेनें काय झालें असेल, हें वाचकांस सांगावयास नकोच. "पिण्याचे धडे देणारी नोकरी हवीच कशाला?" असा आजोबांचा सवाल होता. आम्हांसही तो प्रथमदर्शनीं रास्त वाटला.

परंतु मुलाकडून या विद्येचें स्वरूप ऐकल्यावर आमचा समज पालटला. वाइन शिकणें आणि वाइन पिणें या भिन्न गोष्टी आहेत. शिकणाऱ्यानें घोट तोंडांत घोळवून पिकदाणींत टाकावयाचा असतो. गिळीत गेल्यास पांचसहा नमुन्यांतच जीभ व डोकें बोथट होतात. खरें काम नाकाचें आणि स्मरणशक्तीचें. लंडनांत १९६९ मध्यें 'मास्टर सोमेलिए' ही परीक्षा प्रथम घेण्यांत आली. सोमेलिए म्हणजे उपाहारगृहांतील वाइनचा जाणकार. ती आजही फार कठीण समजतात.

नवख्याचे धडे मात्र साधे असतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकाच असतो; तांबड्या वाइनला रंग येतो तो सालींसकट आंबविल्यामुळें. साली व बिया यांतूनच तिला तुरटपणा येतो, फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखा. पांढरी वाइन सुमारें ८ ते १२ अंश, तर तांबडी १५ ते १८ अंश उष्णमानावर द्यावी. गिऱ्हाइकास प्रथम घोटभर देतात ती आवडनिवड विचारण्यासाठीं नव्हे. बूच बिघडून वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास तर लागला नाहीं ना, हें त्यानें पाहावें म्हणून.

वास ओळखण्याचा सराव मुलानें सुटींत घरींच केला, तोही मसाल्याच्या डब्यावर! डोळे बांधून लवंग, दालचिनी, मिरें, जायपत्री एकेक नाकाशीं धरावयाची. नातू तीनदां चुकला. आजीबाई एकदांही चुकल्या नाहींत. "हें शिकायला नाशकास जावें लागलें होय रे?" असें त्या म्हणाल्या, आणि घरांतील ताण कितीतरी सैल झाला.

आजोबांचा दुसरा प्रश्न मात्र अवघड होता: "तूं पीत नाहींस, पण दुसऱ्यास पाजतोस ना?" मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास सर्वस्वी निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें स्पष्ट केलें आहे. मुलानें तें नाकारलें नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "७५० मिलिलिटरच्या बाटलींत पांच पेले होतात, हें मीं पाठ केलें तें विकण्यासाठीं, पण कोणाचे किती झाले, हेंही त्याच हिशेबानें कळतें. कोठें हात आखडावा, हें अजाण वाढप्यास कळत नाहीं."

आजोबा यावर कांहीं बोलले नाहींत. परंतु नोकरी कायम झाल्याचें पत्र आलें, तेव्हां तें देवापुढें त्यांनींच ठेविलें.