पाय घसरण्याआधी : फडापासून गव्हाणीपर्यंत घ्यावयाची काळजी



हंगाम सुरू झाला की आपले सारे लक्ष तोडणीच्या पाळीवर, टनेजवर आणि उताऱ्यावर असते. नेमक्या याच दिवसांत माणसे घसरून, अडखळून किंवा उंचावरून पडून जायबंदी होतात. मग आपण म्हणतो, "पाय घसरला, नशीब त्याचं!" पण पाय उगीच घसरत नसतो. त्याला कारण असते, आणि ते बहुतेक वेळा आदल्या दिवशीच डोळ्यांना दिसत असते.

कारखान्याच्या आतल्या भागासाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने फरशी, जिने व जाण्यायेण्याच्या वाटा भक्कम आणि सुस्थितीत ठेवण्याचे बंधन घातले. त्या वाटांवर निसरडे काही सांडलेले राहू नये, ही अटही पुढे त्यात आली. आपल्या फडात मात्र कोणी निरीक्षक येत नाही. तिथे जागा नीट ठेवणे हे सभासदाचेच काम आहे.

फडात : तोडणीआधी १५ ते २० दिवस पाणी बंद ठेवावे, हे आपण साखर वाढावी म्हणून ऐकत आलो आहोत. त्याचा दुसरा फायदा असा की फड वाळतो, चिखल राहत नाही आणि डोक्यावर मोळी घेतलेला माणूस सरीत घसरत नाही. ऊस जमिनीलगत तोडावा, हेही तसेच. बुडख्यात साखर जास्त असते, ती वाया जात नाही. शिवाय वर राहिलेले तिरके टोकदार खोडके पायात घुसते, नाहीतर ठेच लागून माणूस तोंडावर पडतो. पाचट गुळगुळीत असते; पहाटेच्या दवाने तर ते तेल लावल्यासारखे होते. म्हणून फडापासून वाहनापर्यंत चार फूट रुंदीची वाट पाचट बाजूला सारून मोकळी करावी. वाटेत पाट असेल तर त्यावर मजबूत फळ्या टाकाव्यात किंवा तेवढा तुकडा बुजवून घ्यावा.

वाहन भरताना : सर्वांत मोठा धोका इथे आहे. डोक्यावर मोळी असली की स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि भार उंचावर असल्यामुळे जरासा झोक गेला तरी तोल सावरत नाही. १० फुटांवरून पडणाऱ्या माणसाला जमिनीवर आदळेपर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो आणि आदळताना वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. एवढ्यात कोणी काय सावरणार? म्हणून बंदोबस्त आधीच हवा.

फळी चिरलेली किंवा किडलेली नसावी. तिच्यावर फूटभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे पायाला अडण मिळते. वरचे टोक वाहनाला दोराने बांधावे, खालचे टोक घट्ट जमिनीत रुतवावे. शिडी असेल तर ४ फूट उंचीला १ फूट या मापाने तिचा पाया बाहेर ठेवावा. चाकांना दगड लावल्याशिवाय कोणी वर चढू नये. रात्री भरणी असेल तर उजेड फळीवर पडेल असा ठेवावा. चढणाऱ्याच्या डोळ्यांवर नको.

भरणी झाल्यावर वर उभे राहून दोर आवळताना फार जपावे. कुजका दोर तुटला की ओढणारा थेट मागे कोसळतो. दोर आधी तपासावा आणि जमिनीवर उभे राहून आवळावा. उतरताना उडी मारू नये. दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, कायम टेकलेले असावेत.

गव्हाणीपाशी : मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाला आपण कौतुकाने जातो, मुलाबाळांनाही नेतो. पण गव्हाणीतली साखळी ऊस पुढे कटरकडे ओढत नेते. तिथे पडणे म्हणजे नुसते खरचटणे नव्हे. कठड्यापलीकडे जाऊ नये, कठड्यावर बसू नये. आवारात सांडलेला रस, मोलॅसिस, वंगण किंवा ओला भुसा दिसला तर वळसा घालून जावे आणि तिथल्या कामगाराला सांगावे. "आपल्याला काय त्याचं" म्हणून पुढे जाऊ नये. मागून येणाऱ्याला तो दिसेलच असे नाही.

कोणी पडलेच तर : उंचावरून पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून लगेच उभे करू नका. मान आणि पाठ हलू न देता आहे तसेच ठेवा व १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि नंतर उलटी झाली किंवा गुंगी येऊ लागली, तर माणूस चालता-बोलता असला तरी दवाखान्यात न्यायलाच हवे.

काही जण म्हणतील, टोळी मुकादमाची, आमचा काय संबंध? संबंध आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला एक जण मोडला तर कमाई बसते आणि घेतलेली उचल मात्र डोक्यावर राहते. शिवाय आपला ऊस फडात वाळत पडतो, वजन घटते, ते वेगळेच. एवढे टाळायला लागतात चार पट्ट्या, मूठभर खिळे, एक चांगला दोर आणि अर्धा तास.

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला सुरक्षा दिन पाळतात. पण तोवर आपला हंगाम सरत आलेला असतो. तेव्हा सभासदांना विनंती, की तोडणीची चिठ्ठी हाती आली की त्याच संध्याकाळी मुकादमाला बरोबर घेऊन फडाची वाट, फळी आणि दोर स्वतः पाहून घ्यावेत.