पहिल्या घोटाचं विज्ञान

भर एप्रिलच्या उन्हातून घरी यावं, माठातलं पाणी तोंडाला लावावं आणि दुसऱ्या-तिसऱ्या घोटालाच ‘जीव गार झाला’ असं तोंडून निघावं, हा अनुभव महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण शरीरशास्त्राच्या हिशेबानं जीव इतक्या लवकर गार व्हायला नको. प्यालेलं पाणी पोटातून आतड्यात आणि तिथून रक्तात जायचं, मग रक्तातल्या क्षारांचं वाढलेलं प्रमाण खाली यायचं. या सगळ्याला दहा मिनिटं तरी लागतात. मग तांब्या रिता होण्याआधीच तहान भागते कशी?

याचं उत्तर २०१६ मध्ये पुढे आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले झॅकरी नाइट आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या मेंदूतल्या तहानेच्या पेशींवर लक्ष ठेवून होते. मेंदूच्या खोल भागात एक चिमुकली जागा आहे. तिथल्या पेशी रक्तातल्या क्षारांची सतत चाचपणी करत असतात आणि पाणी कमी पडलं की खवळून उठतात. तहानलेल्या उंदरानं पाण्याला तोंड लावताच या पेशी मिनिटभरात शांत झाल्या. रक्तात तोवर काहीही बदललेलं नव्हतं. तोंडातून आणि घशातून आलेल्या खबरीवरून मेंदूनं पुढचा अंदाज बांधला होता. एवढं पाणी पोटात गेलं आहे, म्हणजे थोड्या वेळात रक्तही ठीक होईल. याच अभ्यासात असंही दिसलं, की पाणी जितकं गार तितक्या या पेशी लवकर निवतात. इतकंच काय, पाण्याचा थेंबही न देता नुसता थंड धातू तोंडात लावला, तरी त्या थोडा वेळ गप्प होतात.

आपल्या माठाची करामत या जागी पोहोचते. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते आणि एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता माठातून निघून जाते. अकोला-नागपूरच्या कोरड्या हवेत हे झपाट्यानं होतं. रत्नागिरीच्या दमट हवेत वाफच कमी होते, म्हणून तिथला माठ तितका गार होत नाही. त्यात वाळ्याची जुडी टाकली असेल, तर पाणी ओठांना लागण्याआधी नाकापर्यंत पोहोचलेलं असतं. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना मेंदूतल्या पेशी ठाऊक नसतील, पण दमल्या जिवाला पहिल्या मिनिटात काय हवं असतं, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं.

आता खरा प्रश्न. पाणी तेच, माठ तोच. मग दहावा घोट पहिल्यासारखा का लागत नाही?

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. माणसाला टबात बसवून त्यांनी त्याचं अंग कधी गार, कधी गरम केलं आणि वेगवेगळ्या तापमानाचं पाणी हाताला कसं वाटतं ते विचारलं. अंग गारठलेलं असताना गरम पाणी हवंहवंसं वाटायचं. अंग तापलं, की तेच पाणी नकोसं आणि गार पाणी सुखाचं. गोडाचंही तसंच. रिकाम्या पोटी साखरेचं पाणी चांगलं लागतं, पण ग्लुकोज पोटात गेल्यावर थोड्या वेळानं तीच चव नको होते. काबानाक यांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. सुख वस्तूत साठवलेलं नसतं. शरीराला या घटकेला कशाची गरज आहे आणि समोरची वस्तू ती किती भागवते, याची ती पावती असते. नरक चतुर्दशीच्या पहाटे, अंगावर काटा आलेला असताना, उटणं लावून डोक्यावर घेतलेला कढत पाण्याचा पहिला तांब्या आठवा. तेच पाणी मे महिन्याच्या दुपारी कुणी अंगावर घेणार नाही.

म्हणजे शरीर फरक मोजतं. पातळी मोजण्यात त्याला फारसा रस नाही. ज्ञानेंद्रियांची घडणच तशी आहे.

मोगऱ्याचा गजरा घ्या. सकाळी केसांत माळताना लिनॅलूल, बेंझिल ॲसिटेट अशा रेणूंचा दरवळ नाकात भरतो. अर्ध्या तासानं जिनं गजरा माळला तिला तो जवळजवळ जाणवत नाही, पण बसमध्ये तिच्या मागच्या आसनावर नुकतंच येऊन बसलेल्याला तो ठसठशीत येतो. फुलांनी वास द्यायचं थांबवलेलं नाही, नाकानं वर्दी द्यायचं थांबवलं आहे. वासाचा रेणू नाकाच्या छताशी असलेल्या चेतापेशीच्या ग्राहकाला चिकटला, की पेशीची बारीक दारं उघडतात, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूकडे संदेश जातो. पण तेच आत आलेलं कॅल्शियम त्या दारांना मंद करतं. संदेश पाठवण्याच्या कामातच संदेश कमी करण्याची सोय आहे. (माणसात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांच्या जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये शोधलं आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.) पुढचं काम मेंदूतली केंद्रं करतात आणि ओळखीचा वास मागे ढकलतात. यात शहाणपणा आहे. मोगऱ्याचाच वास दिवसभर भरून राहिला, तर स्वयंपाकघरात दूध करपतंय किंवा गॅस सुटलाय हे कळणार कसं?

दृष्टीही याला अपवाद नाही. नजर एका बिंदूवर खिळवून ठेवली, की कडेच्या फिक्या आकृती हळूहळू विरून जातात, हे ट्रॉक्सलर या स्विस वैद्यानं १८०४ मध्येच नोंदवलं होतं. आपल्याला जग दिसत राहतं, ते डोळे नकळत सतत बारीक थरथरत असतात म्हणून.

जेवणाच्या बाबतीत याच नियमाला एक सुंदर वळण मिळतं. ऑक्सफर्डमध्ये बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की एखादा पदार्थ पोटभर खाल्ल्यावर त्या पदार्थाची गोडी उतरते, पण न खाल्लेल्या पदार्थांची फारशी उतरत नाही. त्यांच्या एका प्रयोगात सँडविचमधलं सारण चार प्रकारचं ठेवलं, तेव्हा लोकांनी एकाच प्रकारच्या मानानं सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. माकडांच्या मेंदूतही अशा पेशी सापडल्या, ज्या गोडाला कंटाळल्या तरी दुसऱ्या चवीला लगेच दाद देतात. आपलं वाढलेलं ताट या नजरेनं पाहा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. वरण-भाताचा घास मऊ आणि सौम्य. पुढच्या घासाला बोटभर लोणचं. मग भात पुन्हा पहिल्यासारखा लागतो. डावी बाजू चिमूटभरच वाढतात, कारण तिचं काम पोट भरण्याचं नाही, जीभ ताजी करण्याचं आहे. पंक्तीत ‘आता पुरे’ म्हणून हात आडवा धरणारा माणूस मठ्ठा पिऊन जिलबीला हो म्हणतो, त्यालाही हेच कारण. लग्नातल्या बुफेत आपण गरजेपेक्षा जास्त खातो, तेही यामुळेच. तीच यंत्रणा रोजच्या ताटात सुख देते आणि चाळीस पदार्थांच्या टेबलासमोर फसवते.

चहाची गोष्ट थोडी वेगळी आहे. दुपारी चारच्या चहाचा पहिला घोट घेताच तरतरी आल्यासारखं वाटतं, पण कॅफीन रक्तात शिखरावर पोहोचायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. पहिल्या घोटाचा आनंद कॅफीनच्या आधी येतो. आल्याचा झटका, वेलदोड्याचा वास, कपाची ऊब या खुणांवरून मेंदूला पुढचं कळलेलं असतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगांतून हे उलगडलं. फळांच्या रसाचा थेंब अचानक मिळाला, की डोपामिनच्या पेशी उसळत. रसाआधी नेहमी दिवा लागू लागला, तेव्हा त्या दिव्यालाच उसळू लागल्या आणि ठरल्याप्रमाणे मिळालेल्या रसाला गप्प राहू लागल्या. अपेक्षित रस मिळाला नाही, की त्या नेहमीपेक्षाही मंदावत. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी याच्या पुढचं दाखवलं. ज्यांचं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं, ते उंदीर अन्नाकडे जाईनासे झाले, पण तोंडात साखर टाकली तर पूर्वीसारखीच चाटून खात. हाव आणि गोडी यांची मेंदूतली यंत्रणा वेगळी आहे. हावेची यंत्रणा मोठी आणि दणकट आहे. गोडीची केंद्रं मात्र उंदरात घनमिलीमीटरभर आकाराची.

मोबाईलवर बोट सरकवत तासभर काढल्यावर काहीच हाती लागल्यासारखं का वाटत नाही, हे मला या संशोधनातून सर्वांत चांगलं समजतं. तिथे पुढचं काहीतरी मिळण्याची ओढ न थांबता पेटलेली राहते आणि गोडीला वेळच मिळत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि मन भरकटलेलं असताना माणसं कमी सुखी होती.

मोठ्या सुखानं छोटी सुखं झाकोळतात का? फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा १९७८ चा अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. लॉटरी लागलेले २२ जण त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फार सुखी नव्हते आणि न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा साध्या गोष्टींत त्यांना कमी मजा येत होती. पण हा नमुना फार लहान होता. स्वीडनमध्ये पुढे कितीतरी अधिक विजेत्यांवर झालेल्या अभ्यासात पैशामुळे आयुष्याबद्दलचं समाधान वाढून टिकलेलं दिसलं. तेव्हा गरिबीत गोडी असते, असं विज्ञानाच्या नावावर कुणी सांगू लागलं तर मुळीच ऐकू नये. ज्याच्या घरी पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो, त्याला पहिल्या घोटाचं कौतुक सांगणं हा क्रूरपणा आहे.

ज्याला पोटभर मिळतं, त्याच्यासाठी मात्र एक उपयोगी गोष्ट सिद्ध झाली आहे. खंड पडला की गोडी परत येते. लीफ नेल्सन आणि टॉम मेविस यांनी २००८ मध्ये काही जणांना सलग मालिश दिलं, काहींना मध्ये थांबून. बहुतेकांचा अंदाज होता की सलग मालिशच बरं. प्रत्यक्षात मध्ये थांबवलेल्यांनी जास्त सुख नोंदवलं. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात ज्यांनी आठवडाभर चॉकलेट सोडलं, त्यांना नंतरचं चॉकलेट अधिक आवडलं. ज्यांना ते हवं तेवढं खायला दिलं होतं, त्यांना तितकं नाही. अक्षय्य तृतीयेआधी आंबा न खाणारी घरं आजही आहेत. हापूस वर्षातले आठ-नऊ महिने आपल्याला नसतोच, आणि पहिल्या फोडीच्या चवीत त्या महिन्यांचा मोठा वाटा असतो. बारा महिने डबाबंद आमरस मिळू लागला, हे मला सोयीचं वाटतं. प्रगतीचं वाटत नाही.

हे सगळं गमावणं काय असतं, हे २०२० आणि २०२१ मध्ये लाखो घरांनी पाहिलं. कोविडनं नाकातल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर घाला घातला आणि एके सकाळी चहा नुसतं गरम पाणी झाला, फोडणीचा फक्त आवाज उरला. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला, कारण वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात. काहींचा मात्र पुरता परतला नाही, तर काहींना ओळखीचे वास सडके येऊ लागले. अशा रुग्णांसाठी ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्येच एक साधा सराव सुचवला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, एकेक करून काही सेकंद लक्ष देऊन हुंगायचे, बारा आठवडे. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. ज्यांनी हा सराव केला त्यांची वास ओळखण्याची क्षमता न करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली आणि आज जगभरचे डॉक्टर तो सांगतात.

तुमच्या घरात कुणाला आजाराच्या त्या दिवसांपासून अजूनही नीट वास येत नसेल, विशेषतः वय झालेल्या आई-वडिलांना, तर ‘आता वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांना एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि त्यांच्या सल्ल्यानं हा सराव सुरू करा. लवंग आणि लिंबू तर स्वयंपाकघरात आहेतच.