ॲक्सोलॉटलने खाणं सोडलंय? औषधाआधी पाणी तपासा

खाणं बंद, शेपटीचं टोक गुंडाळलेलं, डोक्यामागचे कल्ल्यांचे तुरे पुढे वळलेले. पाळलेला ॲक्सोलॉटल असा दिसू लागला की बरेच जण आधी औषध शोधतात. पण बिघाड बहुतेक वेळा पाण्यात असतो. पाणी नितळ दिसत असलं तरीही.

ॲक्सोलॉटल हा मासा नाही. तो सॅलॅमँडर गटातला उभयचर आहे आणि मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोमधल्या थंड, संथ पाण्याचा. बेडकाचं पिल्लू मोठं होऊन जमिनीवर येतं, हा मात्र सहसा आयुष्यभर पाण्यातच राहतो. कल्ले शरीराबाहेर आणि कातडी नाजूक, त्यामुळे पाण्यात मिसळलेलं विष थेट अंगात जातं.

नितळ पाण्यात विष कुठून येतं?

विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजलं की अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही घातक, तिसरा त्या मानाने सौम्य. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही, म्हणून थेंबांचं टेस्ट किट लागतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास किंवा त्याखाली असलेलं बरं. जिवाणूंची ही वस्ती जमायला साधारण ४ ते ८ आठवडे जातात. टँक आणि प्राणी एकाच दिवशी घरी आणला की घोळ तिथेच होतो.

दुसरा शत्रू उष्णता. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं, २२ च्या वर ताण सुरू होतो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. पृष्ठभागावर पंखा लावून पाणी थोडं थंड होतं, पण मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात चिलर आणि त्याचं वीजबिल परवडणार नसेल, तर हा प्राणी न आणलेलाच बरा.

लगेच काय करायचं?

अमोनिया किंवा नायट्राइट सापडलं तर ॲक्सोलॉटलला स्वच्छ प्लास्टिकच्या टबमध्ये हलवा. टबमधलं पाणी क्लोरीन काढलेलं आणि थंड हवं, ते रोज पूर्ण बदला. क्लोरीन काढण्याच्या द्रावणात कोरफड नाही ना, हे लेबलवर पाहून घ्या. टब झाकून, अंधाऱ्या जागी ठेवा. पाणी चाचणीत चांगलं निघालं, तर फिल्टरचा प्रवाह पाहा. जोराच्या धारेनेही कल्ले पुढे वळतात.

या काळात सगळ्यात महागात पडते ती 'पूर्ण साफसफाई'. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला की क्लोरीनमुळे जिवाणू मरतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. स्पंज टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळावा. माशांची औषधं टँकमध्ये ओतणंही टाळा, त्यातली काही याच जिवाणूंना मारतात.

पाणी सुधारल्यावर झडलेले कल्ल्यांचे तंतू हळूहळू परत वाढतात. मात्र कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी असेल, प्राणी उलटा तरंगत असेल किंवा स्वच्छ पाण्यातही खात नसेल, तर उभयचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. जाताना पाण्याच्या चाचणीचे आकडे लिहून न्या, तिथे पहिला प्रश्न त्याबद्दलच असेल.