दुखण्यावर लाल उजेड

आपल्या घरांतून बाईच्या दुखण्याचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. मान धरली तरी कणीक मळायची राहात नाही. कोपरात कळ मारते, पण धुणे पिळायचे थांबत नाही. गुडघा सुजला तर रात्री आंबेहळद उगाळून लेप द्यायचा आणि सकाळी त्याच गुडघ्याने तीन जिने उतरून भाजी आणायची. असे सहा-आठ महिने निघाले की केव्हातरी डॉक्टरांकडे जाणे होते. ते फिजिओथेरपी सुचवतात, आणि तिथल्या बाई सगळे तपासून म्हणतात, "व्यायाम तर करायचाच आहे, पण सुरुवातीला थोडं लेसर देऊ या."

लेसर म्हटले की पोटात गोळाच येतो. लेसरने मुतखडा फोडतात, डोळ्याच्या पडद्यावर उपचार करतात, एवढे आपण ऐकलेले असते. तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे कापायचं का हो?"

नाही, भगिनींनो, कापायचे काही नसते. शस्त्रक्रियेचे लेसर वेगळे आणि दुखण्यावरचे वेगळे. या दुसऱ्या लेसरची ताकद बहुधा ५०० मिलीवॅटच्या आतच असते, म्हणजे अर्धा वॅटसुद्धा नाही. त्याने कातडी भाजत नाही, फारशी गरमही होत नाही, म्हणून त्याला थंड लेसर असेही म्हणतात. जाड पेनासारखी एक नळी दुखऱ्या जागेवर टेकवून धरतात, काही सेकंद थांबतात, मग बोटभर पुढे सरकवतात. पाच-दहा मिनिटांत काम आटोपते. बाहेर आल्यावर बाई हमखास म्हणते, "अगं, मला तर काहीच जाणवलं नाही!" शेक घेतला की ऊब लागते, मालिश केले की अंग मोकळे होते, इथे तसे काही होत नाही. (हल्ली जास्त ताकदीची यंत्रेही निघाली आहेत. त्यांची मात्र चांगली ऊब लागते.)

या उपचाराचा शोध लागला तो उंदरांच्या केसांमुळे! पहिले लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून तयार केले. त्यानंतर काही वर्षांनी, १९६७ च्या सुमारास, हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात एंद्रे मेस्टर नावाचे शल्यचिकित्सक लेसरचा शरीरावर काय परिणाम होतो ते उंदरांवर तपासून पाहात होते. उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले आणि काही उंदरांच्या त्या जागेवर सौम्य लेसर सोडले. पाहतात तो ज्यांच्यावर लेसर पडले होते त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पुढे मेस्टर यांनी माणसांच्या बऱ्या न होणाऱ्या जखमांवरही तोच उजेड वापरला. म्हणजे या उपचाराची सुरुवात झाली जखमांपासून. पाठ, मान, गुडघा ही मंडळी मागाहून आली.

उजेडाने दुखणे कमी व्हावे ते कसे? आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत अन्नापासून शक्ती तयार करणाऱ्या बारीक बारीक चुली असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. या चुलीत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक द्रव्य असते. ते लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषून घेते. प्रकाश मिळाला की चूल जरा जोराने पेटते, पेशीला दुरुस्तीसाठी जास्त शक्ती मिळते आणि सूज उतरायला मदत होते, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसाही काही वेळ मंदावतात. मात्र चूल पेटली म्हणजे स्वयंपाक झाला असे नव्हे, हे तुम्हा-आम्हाला कोणी शिकवायला नको.

आणि खरी मेख इथेच आहे. लेसर लागते आहे की नाही हे रोग्याला कळतच नाही. म्हणून तपासणी करताना डॉक्टर लोक एक युक्ती करतात. निम्म्या रोग्यांना खरे लेसर देतात आणि निम्म्यांच्या दुखऱ्या जागेवर बंद यंत्राची नळी नुसती टेकवतात. गंमत अशी की बंद यंत्रानेही पुष्कळांना बरे वाटते! कोणीतरी आपले दुखणे मन लावून ऐकले, दहा मिनिटे स्वस्थ पडायला मिळाले, याचाही गुण येतोच. घरी बसल्याजागी पाणीसुद्धा ज्या बाईला कोणी आणून देत नाही, तिला तर येणारच. तेव्हा "शेजारच्या वहिनींना फरक पडला" एवढ्यावर भुलू नये. खऱ्या यंत्राचा गुण बंद यंत्रापेक्षा किती जास्त, हे पाहायचे.

तसे पाहिले तर मानेच्या बाबतीत निकाल बरा आहे. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा १६ चाचण्यांचा आढावा आला होता. एकूण ८२० रोगी होते. ज्यांची मान जुनी दुखरी होती त्यांना लेसरने उतार पडला आणि उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत तो टिकला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जी कळ येते, जिला डॉक्टर टेनिस एल्बो म्हणतात (टेनिसची रॅकेट आपण जन्मात धरलेली नसते, पण पिळे घालून घालून, खलबत्ता कुटून कुटून तीच शीर दुखावते), तिथेही ठरावीक जातीचे लेसर नेमक्या जागी दिले तर उपयोग होतो, असे २००८ सालच्या एका आढाव्यात दिसले.

गुडघ्याचे मात्र घोडे अडते. २०१९ साली गुडघ्याच्या झिजेवरच्या २२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा योग्य मात्रा दिलेल्यांचे दुखणे कमी झालेले आढळले. कमी मात्रा दिलेल्यांना विशेष लाभ नव्हता. उलट ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली, पुरेसा पुरावा नाही म्हणून, सांध्यांच्या झिजेवर लेसर देऊच नये असे सांगितले. आता आपण कुणाचे ऐकायचे? मला विचाराल तर गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आधी, वजनाकडे लक्ष आधी, आणि हात सैल असेल तर लेसर नंतर.

कंबरेबद्दलही असेच धरसोडीचे आहे. २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्याने 'निश्चित सांगण्याइतका पुरावा नाही' म्हटले, तर २०१७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने जुन्या कंबरदुखीवर गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत त्याला जागा दिली, पण पुरावा कच्चा आहे हेही सांगून टाकले. आणि पाय मुरगळला तर? नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या २१७ जणांवर चाचणी झाली होती, तिचा निकाल १९९८ साली आला. लेसर बंद यंत्रापेक्षा काडीमात्र सरस ठरले नाही. साधी लचक दोन-चार आठवड्यांत आपसूक बरी होते, आणि श्रेय त्या वेळी जे काही चालू असेल त्याला मिळते!

मात्रेचे एवढे महत्त्व का, ते सांगितले पाहिजे. लेसर आमटीतल्या मिठासारखे आहे. कमी पडले तर चव नाही, जास्त झाले तर आमटी बिघडली. प्रकाश फार दिला तर पेशी उलट मंदावतात. ही मात्रा ज्यूलमध्ये मोजतात, आणि प्रकाशाची जात नॅनोमीटरमध्ये. तेव्हा बिचकू नका, सरळ विचारा : "बाई, एका जागी किती ज्यूल देता? हे लेसर किती नॅनोमीटरचं आहे?" जाणकार असेल ती व्यक्ती आनंदाने सांगेल. जी नुसते हसून "तुम्ही काळजी करू नका हो" म्हणेल, तिथे काळजी करावी.

पैशाचेही तसेच. हा उपचार बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा, असा काही आठवडे चालतो. वीस वेळांचे पैसे एकदम भरा म्हणजे सवलत देतो, असे कोणी म्हणाले तर हात आखडता घ्या. चार-पाच वेळा घेऊन पाहावे. मान किती वळते, भरलेली कळशी उचलता येते का, रात्री कुशीवर झोप लागते का, हे वहीत मांडून ठेवावे. काडीचा फरक नसेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. आणि लेसर चालू आहे म्हणून व्यायाम सोडू नये. यंत्र दहा मिनिटे; उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे ती मान, तो कोपर तुमच्याच ताब्यात असतो. जड चादरी पिळण्याऐवजी तशाच निथळत टाकल्या, किंवा ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे दिले, तर कोपराला जे मिळेल ते कुठल्याही उजेडाने मिळणार नाही.

एका ठिकाणी मात्र या उजेडाने फार मोलाचे काम केले आहे. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रोगी थोडे नाहीत. त्यांना किरणोपचार देताना तोंडात असे काही व्रण पडतात की घोटभर पाणी गिळणे मुश्कील होते. कर्नाटकातल्या मणिपाल येथे ५० रोग्यांवर हीलियम-निऑन लेसर वापरून पाहिले. ज्यांना ते दिले त्यांचे व्रण आणि वेदना दोन्ही सौम्य राहिले. हा निबंध २००६ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आला. आज कर्करोग्यांच्या शुश्रूषेचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळीही ठरावीक रोग्यांमध्ये असे व्रण टाळण्यासाठी याची शिफारस करतात. घरात असा रोगी असेल तर त्याच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. एरवी मात्र कर्करोगाच्या गाठीवर लेसर धरत नाहीत, म्हणून हे काम त्या तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली व्हायला हवे.

जायचे ठरलेच तर लेप, तेल, बाम सारे स्वच्छ धुऊन जावे, म्हणजे प्रकाश कातडीत नीट शिरतो. मनगटाला घ्यायचे असेल तर पाटल्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. चकाकत्या वस्तूवरून किरण परावर्तित होतो. डोळ्यांना खास चष्मा लागतो, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. तो नसेल तर उठून यावे. दिवस गेले असतील तर ओटीपोटावर, कमरेवर घेऊ नये. सावळ्या कातडीत प्रकाश जास्त शोषला जातो, म्हणून जास्त ताकदीच्या यंत्राने चटका बसू लागला की लगेच सांगावे. गोंदण असेल त्या जागी तर विशेष जपावे. उन्हाने अंगावर पुरळ उठेल अशी औषधे चालू असतील तर तेही आधी सांगावे.

आणि ज्या दुखण्याने रात्री झोप मोडते, ताप येतो, वजन उतरते, पाय बधिर होतो किंवा लघवीवरचा ताबा जातो, त्यावर लेसर घेत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. म्हातारी सासू पडली आणि कंबर धरली, तर आधी एक्स-रे.

घरी वापरायचे लाल दिव्यांचे पट्टे आणि पेनेही आता बाजारात मिळतात. त्यांत पुष्कळदा लेसर नसून एलईडीचे दिवे असतात. तेवढ्याने ते फुकट ठरत नाहीत, पण मात्रा किती मिळते हे खोक्यावर छापलेले नसेल तर पैसे घालवू नयेत. आणि जत्रेत किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर मिळणारा लाल ठिपक्याचा दिवा म्हणजे औषध नव्हे. तो मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये, डोळ्यावर रोखला की पडद्याला इजा होऊ शकते.