सर्वांत धाकट्याच्या चालीने

वार्षिक परीक्षा संपत आल्या की घराघरांतून सुट्टीचे बेत शिजू लागतात. कुणी रेल्वेच्या आरक्षणामागे धावतो, कुणी विमानाची भाडी ताडून पाहतो. स्वतःच्या मोटारीने दूरवर जाण्याचा विचारही आता अनेक कुटुंबांत रुजला आहे. मात्र घरात दोन-तीन लहान मुले असतील, तर हा विचार बोलून दाखवताच वडीलधारी मंडळी काळजीत पडतात. त्यांची काळजी अनाठायी नसते. परंतु तिचे उत्तर बेत रद्द करण्यात नाही. तो वेगळ्या मापाने आखण्यात आहे.

समजा, आजी, आई-वडील आणि ९, ६ व २ वर्षांची तीन मुले पुण्याहून म्हैसूरला निघणार आहेत. अंतर सुमारे ९०० किलोमीटर. नकाशा पुढ्यात घेऊन बसलेल्या वडिलांच्या मनात पहिला हिशेब येतो तो असा : रात्री जेवण उरकून निघावे, मुले झोपेत असतील, रडारड नाही, थांबणे नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी म्हैसूर! हिशेब वरवर बिनचूक दिसतो. त्यातली चूक एवढीच की, ज्या वेळी मुले झोपतात त्याच वेळी चालकाच्या शरीरालाही झोप हवी असते. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचा काळ डुलकीला सर्वांत अनुकूल. तासाला ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. तीन सेकंद डोळा लागला, तर ६६ मीटरपर्यंत ती कुणाच्याच ताब्यात नसते. मागे तीन मुले निर्धास्त झोपलेली असताना हा धोका पत्करण्याजोगा नाही.

दोनशे किलोमीटरचा दिवस

म्हणून पहिला नियम असा की, दिवसाचे अंतर सर्वांत धाकट्या प्रवाशाने ठरवावे. दोन वर्षांचे मूल एका जागी दोन तास बसले म्हणजे खूप झाले. सकाळी लवकर निघून, दर दोन तासांनी अर्धा तास मोकळ्या जागेत थांबून आणि दिवेलागणीपूर्वी मुक्कामी पोहोचून जे अंतर कापता येते, ते साधारणपणे दोनशे ते अडीचशे किलोमीटरच भरते.

या मापाने पुणे-म्हैसूर प्रवास चार दिवसांचा होतो. पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसरा हुबळी, तिसरा चित्रदुर्ग. चौथ्या दिवशी हिरियूरपाशी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ सोडून श्रीरंगपट्टणमार्गे म्हैसूर. जाण्याचे चार दिवस, येण्याचे चार आणि मधले तीन, अशी अकरा दिवसांची ही सुट्टी होते. एवढी रजा मिळत नसेल, तर हुबळी-धारवाडपर्यंतच जावे. रजा तोकडी पडली म्हणून वेग वाढवणे हा मात्र उपाय नव्हे.

मांडी नव्हे, आसन

लहान मुलाची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आईची मांडी, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. घरात तो खराच आहे; धावत्या मोटारीत नाही. तासाला ६० किलोमीटर वेगाने बसलेली धडक ही सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या माथ्यावरून पडण्यासारखी असते. त्या क्षणी बारा किलोंचे मूल हातांत धरून ठेवणे कोणत्याही माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे; मग माया कितीही असो.

तान्ह्या आणि लहान मुलांसाठी वय, वजन व उंचीनुसार चाइल्ड सीट मिळते. थोड्या मोठ्यांसाठी बूस्टर सीट असते. तिच्यामुळे सीट बेल्ट गळ्यावरून न जाता खांद्यावरून आणि पोटावरून न जाता कमरेवरून जातो. तान्ह्या बाळाचे मागे तोंड असलेले आसन, समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही बसवू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीट यांशिवाय नेणे हा १,००० रुपयांच्या दंडास पात्र गुन्हा आहे. दंडाचा आकडा लहान वाटेल. त्यामागचे कारण लहान नाही.

आसनाची सवय प्रवासाच्या दिवशी लागत नाही. निघण्यापूर्वी पंधरा दिवस बाजारहाटाला किंवा मामाकडे जातानाही धाकट्याला त्यातच बसवावे. पहिले दोन दिवस तो आकांत करील, आजीचा जीव कासावीस होईल. त्याच वेळी आजीला त्याच्या शेजारची जागा दिली, तर मांडी सुटल्याचे दुःख दोघांनाही फारसे राहत नाही. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावलेले असावे आणि जड सामान मोकळे ठेवू नये. जोराचा ब्रेक लागताच पाण्याची भरलेली बाटलीही दगडासारखी येऊन आदळते.

नद्यांची उजळणी

मुले कंटाळतात ती अंतराला नव्हे, रिकामेपणाला. हातात मोबाइल दिला की ती गप्प बसतात खरी. पण मान खाली घालून पडद्याकडे पाहिल्याने गाडी लागण्याची शक्यता वाढते. डोळ्यांना स्थिर चित्र दिसत असते आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र हालचाल होत असल्याचे सांगते. या विसंवादातून मळमळ सुरू होते. खिडकीबाहेर दूरवर पाहणे हा त्यावरचा साधा उपाय, आणि पाहण्याजोगे या मार्गावर पुष्कळ आहे.

मोठ्या मुलीला एक वही द्यावी आणि वाटेत लागणाऱ्या नद्या लिहायला सांगावे. शिरवळला नीरा, भुईंजजवळ कृष्णा, कराडला कोयना, मग वारणा, कोल्हापूरच्या वेशीवर पंचगंगा. पुढे दूधगंगा आणि वेदगंगा, संकेश्वरला हिरण्यकेशी, नंतर घटप्रभा, कित्तूरच्या अलीकडे मलप्रभा, हावेरीच्या बाजूला वरदा, हरिहरला तुंगभद्रा आणि हिरियूरला वेदावती. संध्याकाळी मुक्कामी नकाशा उघडून त्यांच्या रेषांवर बोट फिरवले, की नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःच शोध लागतो : कृष्णा सोडली, तर या साऱ्या नद्या थेट किंवा दुसऱ्या नदीमार्गे अखेर कृष्णेलाच मिळतात. वेगळी निघते ती शेवटची, श्रीरंगपट्टणला दोन्ही बाजूंनी वेढणारी कावेरी. भूगोलाच्या पुस्तकातला धडा असा चाकांखालून गेला, म्हणजे तो सहसा विसरला जात नाही.

सहा वर्षांच्या मुलाला पाट्या मोजायला द्याव्यात. कागल ओलांडले की वाहनांच्या क्रमांकपट्ट्यांवर ‘एमएच’ऐवजी ‘केए’ वाढू लागते आणि दुकानांवरची देवनागरी विरळ होत कन्नड लिपी पुढे येते. वळणदार अक्षरांतले एखादे ओळखीचे झाले, की त्याचा आनंद पुढच्या पन्नास किलोमीटरला पुरतो. बेळगाव आणि धारवाड यांच्या दरम्यान कित्तूर लागते. १८२४ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या राणी चेन्नम्माचा पडका किल्ला तिथे आहे. किल्ल्यात मुलांना पळू द्यावे. ती दमतात आणि पुढचा टप्पा झोपेत सरतो.

पोट, पाणी आणि पाकीट

निघण्यापूर्वी न्याहारी हलकी असावी. तळलेले पदार्थ मुक्कामी पोहोचल्यावर. दशम्या, केळी, कुरमुरे आणि भरपूर पाणी जवळ असावे. वांतीसाठी पिशव्या, ओला रुमाल आणि धाकट्याच्या कपड्यांचा एक जोड हाताशी ठेवावा, डिकीच्या तळाशी नव्हे. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. क्षार-साखरेची पाकिटे मात्र असावीतच. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढू शकते. म्हणून ‘चहा घेऊन लगेच येतो’ म्हणतही मुलांना आत ठेवून जाऊ नये.

फास्टॅगमध्ये पुरेशी शिल्लक आणि वाहनविम्याची मुदत आदल्या आठवड्यात पाहून घ्यावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक आजीच्या मोबाइलमध्येही असावेत. खर्चाचे इंधन, पथकर, निवास, भोजन व अनपेक्षित असे पाच भाग करावेत आणि पाचव्या भागाला हात लावावा लागला नाही, तर ती रक्कम पुढच्या सहलीच्या आवर्ती ठेवीत जमा करावी. रोज प्रत्येक मुलाला पन्नास रुपये देऊन त्याचा हिशेब नद्यांच्या वहीतच मागच्या बाजूने लिहायला लावला, तर ‘हे घ्या, ते घ्या’ हा हट्ट निम्म्याने कमी होतो.

न गाठलेला मुक्काम

इतके सारे आखूनही एखादा दिवस बिघडतो. तिसऱ्या दिवशी चाक पंक्चर होते, धाकटा दोनदा ओकतो, मधला रुसतो आणि दावणगेरेला पोहोचेपर्यंत अंधार पडतो. चित्रदुर्ग तेथून साठ किलोमीटरवर. खोली राखून ठेवलेली, पैसेही भरलेले. ‘तासाभराचा तर प्रश्न आहे,’ असे वाटण्याची हीच वेळ, आणि साऱ्या बेताची परीक्षाही इथेच होते. भरलेले पैसे ‘अनपेक्षित’ या भागात मांडून तिथेच मुक्काम करावा. दावणगेरेचा लोण्याचा डोसा प्रसिद्ध आहे. रुसलेल्या मुलावर तो उत्तम तोडगा ठरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी चित्रदुर्ग गाठता येतो. सात तटांच्या त्या किल्ल्यात एक अरुंद फट दाखवतात. हैदर अलीचे सैनिक तिच्यातून आत शिरू लागले, तेव्हा पहारेकऱ्याची पत्नी ओबव्वा हाती मुसळ घेऊन एकटीच त्यांना सामोरी गेली, अशी कथा तिथे सांगितली जाते. आजीने ती त्याच फटीपाशी बसून सांगावी. म्हैसूरचा राजवाडा आणखी एक दिवस थांबायला तयार असतो.

सुट्टीत घराबाहेर पडणाऱ्या सर्व कुटुंबांचा प्रवास सुखाचा होवो, आणि मुलांची वही नद्यांच्या नावांनी भरून परत येवो.