पाखरांना उरलेलं बियाणं टाकू नका. कोणत्या पाखराला काय चालतं, वाचा

बीड : उन्हाळा लागला की गावोगावी अंगणात, पत्र्याच्या शेडवर, शाळेच्या कट्ट्यावर पाण्याची परळं अन् दाण्याच्या वाट्या दिसू लागतात. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही भरपूर येतात. हेतू चांगलाच आहे. पण वाटीत काय टाकलं, याकडे फारसं कुणी बघत नाही. पेरणीतून उरलेलं बियाणं, काळी पडलेली ज्वारी, बुरशी आलेले शेंगदाणे, राहिलेला चिवडा, सगळं "पाखरं खातील" म्हणून बाहेर टाकलं जातं. यातल्या काही गोष्टींनी पाखराचा जीव जाऊ शकतो.

सगळ्यात मोठा धोका बियाण्याचा

पिशवीतून येणाऱ्या बाजरी, ज्वारी, मका, सोयाबीनच्या बियाण्याला बहुतेक वेळा बीजप्रक्रिया केलेली असते. गुलाबी, लाल, हिरवा किंवा निळा रंग दिसतो तो त्यासाठीच, म्हणजे हे खायचं धान्य नाही हे ओळखू यावं. त्यावर थायरमसारखं बुरशीनाशक किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक असतं. पिशवीवर विषारी असल्याची सूचनाही छापलेली असते.

चिमणीचं वजन 25 ते 30 ग्रॅम. माणसाला किरकोळ वाटणारी मात्रा तिला झेपत नाही. कीटकनाशक लावलेले थोडे दाणेही तिच्यासाठी घातक ठरतात. बियाणं धुऊन, वाळवून टाकलं तरी भरवसा नाही, सगळं औषध धुऊन जात नाही. घरी चोळलेल्या औषधाचा रंग तर दिसेलच असं नाही. म्हणून नियम साधा ठेवावा : जो दाणा घरच्या लेकरांना खायला देणार नाही, तो पाखरांना अन् कोंबड्यांनाही टाकायचा नाही.

पेरणीच्या वेळीही काळजी घ्यावी. बांधाच्या कडेला, पाभर किंवा ट्रॅक्टर वळवताना बियाणं उघड्यावर सांडतं. मोर, होले, चिमण्या तेच टिपतात. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे, 1994 पासूनचं. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी तर सांडलेल्या बियाण्यावर लगेच माती ओढलीच पाहिजे. उंदरासाठी औषध लावून ठेवलेले दाणेही उघड्यावर नकोत.

खाण्यातून गेलेलं औषध काय करतं, याचं उदाहरण गिधाडांचं आहे. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलं जायचं. ते जनावर मेल्यावर गिधाडं त्याचं मांस खायची अन् मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती.

कोणाला काय चालतं?

चिमणी, सुगरण, मुनिया : बाजरी, राळं, तांदळाची कणी. दाणा बारीक असावा. कच्चा तांदूळ पोटात फुगून पाखरू मरतं असं सांगतात, ते खरं नाही. स्वच्छ कणी बिनधास्त टाकावी. कणसासकट बाजरी किंवा ज्वारी ओसरीला टांगली तरी पाखरं आवडीनं टिपतात.

होला, पारवा : ज्वारी, बाजरी, गहू. हे जमिनीवर चरतात, त्यामुळे उंचावर वाटी टांगण्यापेक्षा मोकळ्या जागी मूठभर दाणे पसरावेत. आसपास मांजर लपेल असं झुडूप नको.

पोपट : पेरू, मक्याचं कणीस, सूर्यफुलाच्या बिया, भिजवलेला हरभरा. हिरवी मिरची खातो, पण रोज मिरचीच कशाला? पोपट पिंजऱ्यात ठेवणं मात्र कायद्यानं गुन्हा आहे.

बुलबुल, साळुंकी : पपई, केळं, पेरू, पिकलेलं सीताफळ. बाजारात न्यायच्या लायकीचं नसलेलं, पण न सडलेलं फळ कापून ठेवलं तरी चालतं. साळुंकी किडेही भरपूर खाते.

कोतवाल, वेडा राघू, दयाळ : ही पाखरं दाण्याला तोंड लावत नाहीत. त्यांचं पोट किड्यांवर भरतं. त्यांच्यासाठी वाटी नको, फवारणी गरजेपुरती हवी. हरभऱ्यात इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे लावले की कोतवाल त्यावर बसून घाटेअळी टिपतो. पाखराचं पोट भरतं अन् शेतकऱ्याचा एखादा फवारा वाचतो.

शिंजीर (फुलचुखी म्हणतात तो बारका पक्षी) : फुलातला रस पितो. साखरेचं पाणी ठेवण्यापेक्षा दारात जास्वंद लावा. माळावरचा पळस, पांगारा तोडू नका.

हरियाल : राज्यपक्षी. वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगतो. बांधावरचं उंबराचं झाड हेच त्याचं ताट.

काय टाकू नये?

शेव, फरसाण, चिवडा, वेफर्स, खारे शेंगदाणे टाकू नयेत. इतकं मीठ पाखराच्या शरीराला झेपत नाही. दूध पचत नाही. पाव अन् बिस्किटानं पोट भरतं, पण ताकद येत नाही. बिनमिठाचा भात थोडासा चालतो, पण उन्हात दुपारपर्यंत आंबतो, म्हणून उरलेला उचलून टाकावा.

बुरशी आलेले शेंगदाणे, मका किंवा पावसात भिजून काळी पडलेली ज्वारीही नको. शेंगदाण्यावर अन् मक्यावर येणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर जातं. नुसतं सोंडे-किडे लागलेलं धान्य मात्र चालतं, पाखरू दाण्यासोबत किडाही खातं. फक्त त्या धान्यात किडीची पावडर किंवा गोळ्या घातलेल्या नसाव्यात.

चिमणीच्या पिलांना दाणे नव्हे, अळ्या

मोठी चिमणी दाणे खाते, पण पिलांना सुरुवातीला मऊ अळ्या अन् किडे भरवते. त्यामुळे अंगणात दाण्याचा ढीग असला तरी परसात किडा-अळी नसेल तर पिलं जगत नाहीत. परसबागेत भाजीपाला, वाल-दोडक्याचा वेल, शेवगा, मेंदीचं कुंपण असावं अन् तिथं औषध मारू नये. घरट्यातून पडलेल्या पिलाच्या चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये, ते श्वासनळीत जातं. घरटं सापडलं तर पिलू हळूच परत ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आई पिलाला टाकून देते, हा गैरसमज आहे.

किती अन् कसं?

संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच, म्हणजे मूठ-दोन मूठ दाणे टाकावेत. जास्त टाकले की पारव्यांची गर्दी होते, उंदीर येतात, विष्ठा साचते. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून वाद झाला, त्यामागे विष्ठेच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचंच कारण होतं. शिवाय एकाच घाण वाटीत शंभर पाखरांनी चोच घातली की रोग पसरतो. वाटी दर दोन-तीन दिवसांनी घासून उन्हात वाळवावी. पावसाळ्यात दाणे भिजून बुरशी येते अन् रानात खायला भरपूर असतं, तेव्हा हात आखडता घेतला तरी चालेल.

उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्याची गरज मोठी. मातीचं उथळ परळ सावलीत ठेवावं, पाणी दोन बोटं खोल, मध्ये एक दगड बसायला. पाणी रोज बदलावं. हौदात अन् प्लास्टिकच्या शेततळ्यात पाखरं पडून बुडतात. हौदात लाकडाची फळी, तर तळ्यात दोराला बांधलेलं पोतं सोडून ठेवलं तर त्यांना वर यायला आधार मिळतो.

अंगणात किंवा रानात पाखरं एकाएकी मरून पडलेली दिसली तर उघड्या हातानं उचलू नयेत, लेकरांना अन् कुत्र्यांना लांब ठेवावं. मोर किंवा इतर जखमी, विषबाधा झालेला पक्षी आढळल्यास वन विभागाच्या 1926 या हेल्पलाईनवर फोन करावा. आसपास कुणी नुकतीच पेरणी किंवा फवारणी केली असेल, तर तेही फोनवर सांगावं, म्हणजे उपचार लवकर होतात.